सायलेन्सर बदलताना कान आणि श्वासही सांभाळा

वरूड-मोर्शीची संत्री किंवा मूर्तिजापूरचे सोयाबीन घेऊन धावणारी पिकअप दहा-पंधरा वर्षांची झाली, की तिचा सायलेन्सर सडतो. आवाज वाढतो, पण गाडी ओढते आहे, मग खर्च कशाला, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. दरम्यान चालकाचे डोके जड होते, रात्री कानात शिट्टी वाजत राहते. तो दोष देतो उन्हाला आणि जागरणाला.

सायलेन्सर सडतो तो बहुधा आतून. एक लिटर डिझेल जळले, की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. बडनेरा ते अमरावती अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही. वाफेचे पाणी आतच साचते आणि पत्रा गंजतो. त्यामुळे बाहेरून धड दिसणाऱ्या सायलेन्सरचे आतले कप्पे मोडलेले असू शकतात.

८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास, ही कानासाठी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला फक्त दोन. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. एका फेरीतच, जाऊन-येऊन, ही मुदत संपते. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटू लागते.

दुसरा धोका गळतीचा. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत कार्बन मोनॉक्साइडची भीती अधिक. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. थंडीत काचा बंद असताना किंवा मागे ताडपत्रीखाली मजूर बसलेले असताना गळका पाइप जिवावर बेतू शकतो.

म्हणून नवा सायलेन्सर घेताना नोंदणी पुस्तिका सोबत न्यावी आणि त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या मापाचा मागावा. पाइपचा व्यास कमी असेल तर धूर कोंडतो, इंजिन तापते, डिझेल जास्त लागते. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा जास्त टिकतो, स्टेनलेस स्टील त्याहून जास्त. गाभा काढलेला, नुसत्या सरळ नळीचा सायलेन्सर ‘पिकअप वाढतो’ म्हणून कोणी सुचवला तरी घेऊ नये. धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर असल्यास तो काढू देऊ नये. गॅस्केट, क्लॅम्प आणि लटकवायची रबरे नवीच घालावीत. पाइपचे तोंड केबिन आणि हौद्याच्या बाहेर उघडेल, हे पाहावे.

बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून सांध्यापाशी ‘फस् फस्’ ऐकू येते का, हे हात न लावता तपासावे. काही दिवसांनी तिथे काजळी दिसली, तर गळती आहे असे समजावे. गाडीत हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज मर्यादेबाहेर आहे.

आवाज आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड एकदा भरून मोकळे होता येते, गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही. कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठून कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी. गाडी चालवताना डोके दुखते आणि खाली उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर थांबते, असे वारंवार होत असेल तर आधी गाडी गॅरेजला न्यावी.