वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरही वजन पुन्हा का वाढतं? वाढलं तर काय करायचं?

बॅरिॲट्रिक सर्जरी झालेल्या बहुतेकांचं पहिलं वर्ष आनंदात जातं. दर महिन्याला वजन उतरत असतं, डायबेटिसच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना पूर्वीसारखा दम लागत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो दोन-तीन वर्षांनी. वजन आधी एका आकड्यावर थांबतं आणि मग हळूहळू पुन्हा वर सरकू लागतं.

दोन किलो, चार किलो, सहा किलो. 'एवढा खर्च केला आणि शेवटी काय?' असा टोमणा घरातून येतो, किंवा माणूस स्वतःच तो स्वतःला ऐकवतो. डॉक्टर रागावतील या भीतीने फॉलोअपची तारीख चुकवली जाते. एक चुकली की पुढचीही चुकते.

वाढलेल्या चार-सहा किलोंपेक्षा हे डॉक्टरांकडे न जाणं जास्त महागात पडू शकतं. कारण वजन थोडंफार परत येणं ही या शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित असलेली गोष्ट आहे. त्यावर उपाय आहेत आणि ते जितक्या लवकर सुरू होतील, तितका त्यांचा फायदा जास्त.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलतं?

सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी एक छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं.

पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, एवढंच यामागचं कारण नसतं. भुकेची हार्मोन्सही बदलतात. 'घ्रेलिन' हे भूक वाढवणारं हार्मोन प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. दुसरीकडे, 'पोट भरलं' असा संदेश मेंदूला देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवू लागतात.

म्हणूनच सुरुवातीचे महिने भूक जवळपास जाणवतच नाही, असं अनेक रुग्ण सांगतात. साधारण एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत खालच्या पातळीवर पोहोचतं. त्यानंतर भूक थोडी परत येते, एका वेळी खाल्लं जाणारं प्रमाणही वाढतं.

किती जणांचं वजन परत वाढतं?

स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला एक मोठा अभ्यास या क्षेत्रात कायम आधाराला घेतला जातो. त्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं होतं. १० वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली.

अमेरिकेतल्या युटा राज्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांच्या १२ वर्षांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी ४५ किलोने कमी झालं होतं. सहा वर्षांनी ही घट ३६.३ किलो होती आणि १२ वर्षांनी ३५ किलो.

या आकड्यांत दोन्ही गोष्टी दिसतात. सरासरी १० किलो परत आले, हे खरं. पण १२ वर्षांनंतरही ३५ किलो गेलेलेच होते. म्हणजे थोडं वजन वाढलं म्हणून ऑपरेशन 'वाया गेलं' असं म्हणता येत नाही. अर्थात ही सरासरी आहे. काहींचं वजन यापेक्षा बरंच जास्त वाढतं आणि त्यांना वेगळ्या उपचारांची गरज असते.

काळजी कधी करायची?

किती किलो वाढलं की त्याला 'वजन परत वाढणं' म्हणायचं, याची जगभर एकच व्याख्या नाही. पण एक साधा हिशेब उपयोगी पडतो. समजा, एखाद्या व्यक्तीचं वजन १२० किलोवरून ८० वर आलं, म्हणजे ४० किलो गेले. पुढे ते ८४ झालं, तर गमावलेल्या वजनापैकी १० टक्के परत आलं. ९२ झालं, तर ३० टक्के.

पहिल्या परिस्थितीत घाबरण्यासारखं फारसं काही नाही. दुसऱ्या परिस्थितीत थांबून कारण शोधायला हवं. एका आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची असते. सलग तीन-चार महिने वजन वाढतच असेल, किंवा आटोक्यात आलेली शुगर, बीपी, झोपेतलं घोरणं पुन्हा डोकं वर काढत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटणं योग्य.

पण वाढतं का?

पहिलं कारण खुद्द शरीर. वजन घटलं की शरीर ते परत मिळवायचा प्रयत्न करतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की, भूक वाढवणारे हार्मोनल बदल वर्षभरानंतरही पूर्ववत झाले नव्हते. हा अभ्यास डाएटचा होता. ऑपरेशनमुळे शरीराचा हा विरोध बराच कमी होतो, पण पूर्ण संपत नाही. शिवाय ८० किलोच्या शरीराला १२० किलोच्या शरीराइतक्या कॅलरी लागतही नाहीत.

दुसरं कारण ताटात असतं. ऑपरेशननंतर कोरडी भाकरी, जाड पोळी, मटण असे पदार्थ काहींना अडकल्यासारखे वाटतात. मग नकळत सहज खाली उतरणाऱ्या पदार्थांची सवय लागते. चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाण, लाडू, आइस्क्रीम, आमरस. हे पदार्थ लहान झालेल्या पोटातही फार वेळ थांबत नाहीत, त्यामुळे पोट भरल्याचं समाधान मिळत नाही आणि कॅलरी मात्र जातात. १०० ग्रॅम फरसाणात ५०० हून अधिक कॅलरी असू शकतात. एकाच वेळी एवढं खाता येत नसलं, तरी दिवसभर येता-जाता मूठमूठ खाऊन तेवढं सहज होतं. 'मी तर जेवतच नाही, तरी वजन वाढतं' या तक्रारीमागे अनेकदा हे असतं.

तिसरं कारण मनाशी जोडलेलं आहे. ताण, एकटेपणा किंवा कंटाळा आला की खाणं, ही सवय ऑपरेशनने निघून जात नाही. काहींमध्ये खाण्याची जागा दारू घेते. बायपासनंतर दारू रक्तात लवकर भिनते आणि चढतेही जास्त. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. दारूतल्या कॅलरी वजनात भर घालतात, ते वेगळंच.

चौथं कारण इतर आजार आणि औषधं. थायरॉइड मंदावणं, गरोदरपण, मेनोपॉज, अपुरी झोप, गुडघेदुखीमुळे थांबलेलं चालणं, यांमुळे वजन वाढू शकतं. इन्सुलिन, स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांचाही तसा परिणाम होतो. म्हणून ती स्वतःहून बंद करायची नसतात. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं असतं.

पाचवं कारण ऑपरेशनच्या जागेशी संबंधित असतं. स्लीव्हची नळी काळानुसार रुंदावू शकते, बायपासमधला जोड सैल होऊ शकतो. क्वचित प्रसंगी बायपासची छोटी पिशवी आणि बाजूला ठेवलेलं जठर यांच्यात पुन्हा वाट तयार होते. हे एंडोस्कोपी किंवा एक्स-रे तपासणीत कळतं.

बहुतेक वेळा यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात. त्यामुळे 'तुझाच तोंडावर ताबा नाही' हे निदान अपुरं तर असतंच, पण अनेकदा चुकीचंही असतं.

पहिलं पाऊल कोणतं?

वजन वाढलं की अनेक जण आधी उपास सुरू करतात, किंवा 'पोट पुन्हा लहान करायला' काही दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहतात. दोन्हींत प्रोटीन कमी पडतं आणि स्नायू झिजण्याचा धोका वाढतो. पहिलं पाऊल म्हणजे जिथे ऑपरेशन झालं तिथल्या टीमला भेटणं. ते शक्य नसेल, तर दुसऱ्या बॅरिॲट्रिक केंद्रात कागदपत्रं घेऊन जाणं. कोणतं ऑपरेशन झालं आणि कधी, हे त्या कागदांवरून कळतं.

या भेटीत सहसा थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, लोह, व्हिटॅमिन बी-१२, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासलं जातं. वजन वाढलेल्या माणसाच्या शरीरातही या घटकांची कमतरता असू शकते. व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. सतत उलट्या, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जायला हवं. व्हिटॅमिन बी-१च्या तीव्र कमतरतेमुळे मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते.

जाताना आठवडाभराची खाण्याची वही सोबत असेल, तर आहारतज्ज्ञांचं काम सोपं होतं. त्यात चहाचे कप, प्रसादाचा पेढा, मुलांच्या ताटातलं उरलेलं, सगळं लिहायचं.

आहारात सर्वसाधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचं लक्ष्य दिलं जातं. शाकाहारी घरात हे आपोआप जमत नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढंच. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम. म्हणून जेवणाची सुरुवात उसळ, पनीर, अंडं, मासे किंवा चिकनने करायची आणि भात-पोळीकडे नंतर वळायचं, असं सांगितलं जातं. पाणी आणि ताक जेवणासोबत न घेता अर्ध्या तासाच्या अंतराने घ्यायचं. चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताकद देणारा व्यायामही हवा, कारण वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही कमी झालेले असतात.

इंजेक्शनं की पुन्हा ऑपरेशन?

आहार आणि व्यायामाने पुरेसा फरक पडला नाही, तर पुढचा पर्याय औषधांचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतकं वजन न उतरलेल्या ७० जणांवर लिराग्लुटाइड या इंजेक्शनचा अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, २४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी जवळपास ९ टक्क्यांनी घटलं. औषधाविना दिलेल्या इंजेक्शनच्या गटात ही घट एक टक्काही नव्हती.

भारतात २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही याच प्रकारची, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं दाखल झाली. पण ऑपरेशन झालेल्या माणसाने ती ओळखीच्या मेडिकलमधून आणून घेणं धोक्याचं आहे. आधीच कमी असलेला आहार आणखी घटतो, उलट्यांमुळे पोषणाचे प्रश्न वाढू शकतात. औषध थांबवल्यावर बरंच वजन परत येतं, हेही सुरू करण्याआधी लक्षात घ्यावं लागतं.

दुसरं ऑपरेशन हा साधारणपणे नंतरचा पर्याय. स्लीव्हचं रूपांतर बायपासमध्ये करता येतं. विशेषतः वजनाबरोबर तीव्र ॲसिडिटीचा त्रास असेल तर त्याचा विचार होतो. बायपासचा सैल झालेला जोड एंडोस्कोपीतून टाके घालून लहान करता येतो. मात्र दुसऱ्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि वजनही सहसा पहिल्याइतकं घटत नाही. त्यामुळे आधी कारण सापडणं आवश्यक असतं. विमा असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च मिळतो का, हे आधीच लेखी विचारलेलं बरं.

घरच्यांनी काय करावं?

वाढलेल्या वजनावर रोज बोलण्याने ते कमी होत नाही. उलट लपून खाणं आणि तपासणी टाळणं वाढू शकतं. त्यापेक्षा घरात फरसाणाचे डबे समोर न ठेवणं, संध्याकाळी सोबत चालायला जाणं, सणाच्या जेवणात आग्रह न करणं याचा उपयोग होतो.

डायबेटिसच्या रुग्णाची शुगर वाढली, तर आपण त्याचे उपचार बदलून बघतो. लठ्ठपणाही तसाच दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि शस्त्रक्रिया हा त्यावरचा एक मोठा उपचार आहे. वजन पुन्हा वाढू लागलं, तर त्याचा अर्थ उपचारांत पुढची भर घालायची वेळ आली, एवढाच. चुकलेली फॉलोअपची तारीख सहा महिन्यांपूर्वीची असो वा सहा वर्षांपूर्वीची, नवी तारीख आजही घेता येते.