मूल बूस्टरवर बसलं, पण पट्टा नीट बसला का?

माहेरी, जत्रेला, तालुक्याच्या दवाखान्यात जायला आता पुष्कळ घरांतून चारचाकी निघते. शहरातल्या नणंदेनं किंवा भावजयीनं मुलासाठी बूस्टर सीट दिलेली असते. मुलाला तिच्यावर बसवलं की आपण निर्धास्त होतो. पण बूस्टर मुलाला फक्त उंच करते. त्याला धरून ठेवतो तो गाडीचा पट्टा.

हा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाला नुसता लावला तर वरचा भाग गळ्याशी येतो आणि खालचा पोटावर. गाडी आदळली की तोच पट्टा पोटात रुततो. बूस्टरमुळे खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या हाडाशी बसतो आणि वरचा खांद्याच्या मधून छातीवर येतो. साधारण चार वर्षांपुढच्या, १५ किलोवरच्या मुलाला बूस्टर चालते. उंची पावणेपाच फुटांच्या आसपास होईपर्यंत ती वापरायची. त्याहून लहान बाळाला स्वतःचे पट्टे असलेली वेगळी सीट लागते.

आता नेहमीच्या अडचणी पाहू.

पहिली, पट्ट्याचं बक्कल सापडतच नाही. नवं सीट कव्हर घालताना ते आत दाबलं जातं. ते बाहेर काढून घ्या. कव्हर आड येत असेल तर तिथे शिवण उसवून जागा करा.

दुसरी, बूस्टर बक्कलवरच बसते. मग पट्टा अर्धवट अडकतो आणि जरा ओढला की सुटतो. बूस्टर दाराच्या बाजूला थोडी सरकवा. खटका ऐकू आला पाहिजे. नंतर एकदा ओढून बघा.

तिसरी, मधल्या जागेवर बऱ्याच जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो. तिथे बूस्टर ठेवू नका, कारण मुलाचं डोकं आणि छाती जोरात पुढे जाते. खांद्यावरून येणारा पट्टा असलेली कडेची जागा घ्या. जीपच्या मागच्या आडव्या बाकावर तर बूस्टर मुळीच ठेवू नये.

चौथी, पट्टा बाहेरच येत नाही. हिसका दिला की तो अडकतो, आणि ते बरोबरच आहे. सैल सोडा, थोडा आत जाऊ द्या, मग सावकाश ओढा. पीळ पडला असेल तर सरळ करा. उसवलेला, विरलेला पट्टा बदलूनच घ्या.

पाचवी, मूल कंटाळून वरचा पट्टा काखेखाली किंवा पाठीमागे टाकतं. मग छातीला आधार राहत नाही. मानेला टोचतो म्हणून ते तसं करत असेल, तर पाठ असलेली बूस्टर घ्या. तिच्यात पट्टा खांद्यावर ठेवायला खाच असते.

बूस्टर नाही म्हणून उशी किंवा गोधडीची घडी ठेवू नका. ती दबते, सरकते आणि मूल पट्ट्याखालून घसरतं. एका पट्ट्यात दोन मुलं बसवू नका. अपघातात सापडलेली बूस्टर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

काहीजणी म्हणतील, जवळच तर जायचंय, मांडीवर घेते. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १५ किलोचं मूल दीडशे किलोहून जास्त जोरानं पुढे ओढलं जातं. आईचे हात कितीही घट्ट असले तरी एवढं वजन धरता येत नाही.

कायद्यातही २०१९ मध्ये बदल झाला आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल, तर १००० रुपये दंड आहे.

तेव्हा गाडी निघण्याआधी थांबायला सांगा आणि तीन गोष्टी हातानं तपासा: कमरेचा पट्टा मांडीवर, वरचा खांद्यावर, बक्कल घट्ट. ड्रायव्हरला घाई असली तरी एवढं झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.