घरपोच आकाराची सक्ती : किंमत, सेवा आणि निवड

किरकोळ व्यापाराच्या विवेचनात वस्तूची किंमत आणि ती वस्तू ग्राहकाच्या घरी नेऊन पोचविण्याचा खर्च या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. दुकानातून माल उचलून आणणे हे ग्राहकाचे काम, की माल घरी पोचता करणे हे दुकानदाराचे काम, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ प्रथेने दिले. मोठ्या भांडारांच्या उदयानंतर मात्र हा खर्च 'घरपोच आकार' या नावाने पावतीवर स्वतंत्रपणे अवतरला, आणि काही ठिकाणी तो ऐच्छिक न राहता सक्तीचा झाला. प्रस्तुत लेखात या सक्तीचे आर्थिक स्वरूप, तिच्या समर्थनार्थ मांडली जाणारी कारणे आणि भारतीय कायद्यातील तिचे स्थान यांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम 'सक्ती' या शब्दाचे अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक, ग्राहक दुकानात उभा असून माल स्वतः नेण्यास तयार असतानाही तो त्याच्या हाती न देता घरी पाठवूनच आकार घेणे. दोन, माल पाठविला जावो वा न जावो, आकार सर्वांच्या पावतीत सरसकट लावणे. तीन, आकाराचा उल्लेख आरंभी न करता व्यवहार पूर्ण होण्याच्या क्षणी तो पुढे करणे. पहिल्या प्रकारात निवडीचा अभाव आहे, दुसऱ्यात सेवेचाच अभाव आहे, तर तिसऱ्यात माहितीचा अभाव आहे. तिन्हींचा परिणाम ग्राहकाच्या खिशावर सारखाच दिसला, तरी त्यांची मीमांसा सारखी होऊ शकत नाही.

या प्रथेचा इतिहास उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोठी विभागीय भांडारे माल घरी पोचवीत असत. त्याचा खर्च वस्तूच्या किमतीतच मिसळलेला असे आणि ही सेवा 'विनामूल्य' म्हणून जाहीर होई. या व्यवस्थेला आव्हान मिळाले ते किराणा व्यापारातून. 'ए अँड पी' या साखळी दुकानांनी १९१२ साली उधारी व घरपोच सेवा दोन्ही वगळून रोखीने स्वस्त विक्री करणारी दुकाने उघडली. १९१६ साली मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' या स्वयंसेवी दुकानाचा आरंभ केला. 'रोख द्या आणि स्वतः न्या' या सूत्राचा अर्थ एवढाच होता, की जी सेवा ग्राहक घेत नाही तिचे मोल त्याने देऊ नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, टायर व इंधन वाचविण्यासाठी अमेरिकन सरकारने दुकानांच्या घरपोच फेऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा ओझे स्वतः वाहण्याची सवय अधिकच रुजली. पुढे सुटे भाग सपाट खोक्यात भरून विकणाऱ्या 'आयकिया'ने तर ग्राहकाचे हे श्रमच आपल्या स्वस्ताईचा पाया बनविले. या संस्थेचे नवी मुंबईतील भांडार डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले.

आपल्याकडील वाण्याच्या दुकानाची परंपरा निराळी आहे. महिन्याचे वाणसामान यादीप्रमाणे दुकानातील नोकराच्या हाती घरी येते आणि त्याचा वेगळा आकार सहसा लागत नाही. परंतु पावतीवर आकार नसणे म्हणजे खर्च नसणे नव्हे. तो अंशतः किमतीत, अंशतः ग्राहक टिकवून धरण्याच्या लाभात आणि अंशतः त्या नोकराच्या अल्प वेतनात जिरलेला असतो.

आता एका काल्पनिक उदाहरणाने प्रश्नाचे आर्थिक रूप पाहू. एका भांडारात दररोज १०० ग्राहक येतात. घरपोच सेवेला वेगळा आकार नसताना त्यांपैकी ६० जण माल घरी मागवितात व ४० जण स्वतः नेतात. एका घरी माल पोचविण्याचा खर्च ५० रुपये मानल्यास एकूण खर्च ३,००० रुपये होतो. तो किमतीत मिसळल्यास प्रत्येक ग्राहकावर ३० रुपयांचा भार पडतो. म्हणजे स्वतः माल नेणारे ४० ग्राहक न घेतलेल्या सेवेसाठी १,२०० रुपये देतात. शिवाय सेवा घेणाऱ्या ६० पैकी २५ जणांच्या दृष्टीने तिचे मोल फक्त ४० रुपये आहे असे समजू. ५० रुपये खर्चून ४० रुपयांचे समाधान निर्माण झाल्यामुळे २५० रुपयांची साधनसामग्री वाया जाते. उलट, ५० रुपयांचा ऐच्छिक आकार ठेवल्यास हे २५ जण माल स्वतः नेतील आणि ज्यांना सेवेची खरी गरज आहे असे ३५ जणच ती घेतील.

तिसरा पर्याय सक्तीचा. सर्व १०० जणांकडे माल पाठविल्यास गाडीची एक फेरी अधिक घरांत वाटली जाते आणि दरघरी सरासरी खर्च, समजा, ५० वरून ४२ रुपयांवर येतो. भांडाराचा चालक या घटीकडे बोट दाखवून सक्ती सर्वांच्याच हिताची आहे असे म्हणेल. येथेच सरासरी आणि सीमांत खर्चातील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकूण खर्च ३,००० वरून ४,२०० रुपये झाला, म्हणजे नव्याने जोडलेल्या ४० घरांसाठी १,२०० रुपये, दरघरी ३० रुपये, अधिक लागले. या ४० जणांच्या लेखी ओझे वाचण्याचे मोल १० रुपयेच असेल, तर ४०० रुपयांच्या सोयीसाठी १,२०० रुपये खर्ची पडतात. सरासरी खर्च उतरला, तरी समाजाचे ८०० रुपयांचे नुकसान झाले.

तथापि सक्तीच्या बाजूचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. या ४० जणांच्या लेखी सेवेचे मोल ३० ते ४२ रुपयांच्या दरम्यान असते, तर ४२ रुपयांच्या ऐच्छिक आकाराला त्यांनी नकार दिला असता आणि फेरी दाट होण्याचा लाभ सर्वांनीच गमावला असता. पण यावरचा उपाय सक्ती हा नव्हे. घरपोच खर्च किमतीत धरून, माल स्वतः नेणाऱ्यास त्याच्यामुळे वाचलेल्या सीमांत खर्चाइतकी, म्हणजे ३० रुपयांची, सूट दिली, की ज्याला सेवा ३० रुपयांहून मोलाची वाटते तो ती घेईल व इतर सूट घेतील. फेरी दाट राहील आणि निवडही टिकेल.

असा नियम केवळ पुस्तकी आहे असे नाही. भारतातील घरगुती गॅस सिलिंडरच्या वितरणात वितरकाच्या मोबदल्याचे आस्थापना खर्च आणि घरपोच खर्च असे दोन भाग केलेले असतात. सिलिंडर गोदामातून स्वतः नेणाऱ्या ग्राहकास घरपोच भागाची सूट मिळण्याची तरतूद आहे. २०२० च्या सुमारास ही रक्कम १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे २७ रुपये होती. गॅससारख्या ज्वलनशील मालाच्या बाबतीतही वस्तू व वहन यांचे हिशेब वेगळे करता येतात, तर कपाट वा धान्याच्या पोत्याबाबत ते अशक्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

सरसकट आकाराचा आणखी एक दोष म्हणजे अंतर व खरेदीचा आकार या दोहोंकडे होणारे दुर्लक्ष. ५० रुपयांचा आकार २०० रुपयांच्या खरेदीवर २५ टक्के, तर २,००० रुपयांच्या खरेदीवर अडीच टक्के पडतो. अल्प उत्पन्नाचा ग्राहक थोडे थोडे खरेदी करतो, म्हणून भार त्याच्यावरच अधिक. तसेच भांडाराशेजारी राहणारा ग्राहक दूरच्या ग्राहकाचे भाडे भरतो. न झालेल्या वाहतुकीच्या या भाड्याला अर्थशास्त्रात 'आभासी भाडे' म्हणतात. अमेरिकेतील पोलाद उद्योग माल कोठूनही निघाला तरी पिट्सबर्गपासूनचे भाडे आकारीत असे. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९२४ साली या पद्धतीविरुद्ध आदेश दिला. सिमेंट उद्योगाच्या तशाच पद्धतीविरुद्धचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली उचलून धरला.

भारतीय कायद्यात या प्रश्नाची दोन परस्परांपासून भिन्न उत्तरे सापडतात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार माल, वेष्टन, वाहतूक व विमा एकत्र पुरविल्यास तो 'संयुक्त पुरवठा' ठरतो आणि मुख्य वस्तूचाच दर सर्वांस लागतो. करआकारणीच्या दृष्टीने वहन हे वस्तूत विलीन झाले. उलट, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक वस्तू वा सेवा विकताना दुसरी घेण्याची पूर्वअट घालणे ही 'प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा' मानली आहे. येथे वस्तू व सेवा या दोन आहेत हे गृहीत आहे. स्पर्धा कायद्यातील जोडविक्रीविषयक कलमाचा आधार मात्र मर्यादित आहे, कारण २०२३ च्या दुरुस्तीने उद्योग व अंतिम ग्राहक यांच्यातील करार त्या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणून घरपोच सक्तीविरुद्ध दाद मागावयाची तर ग्राहक कायदा हाच जवळचा मार्ग उरतो.

माहितीच्या अभावाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि घरपोच खर्चासह तिची फोड दाखविली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक सूचनांत, आकार टप्प्याटप्प्याने उघड करण्याच्या पद्धतीचा समावेश १३ फसव्या रचनांत केला आहे. पिशवीसाठी पूर्वसूचनेविना पैसे घेणे अनुचित आहे, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २२ डिसेंबर २०२० चा निर्णयही याच विचाराचा आहे. विक्रीस हजर दुकानच नसलेल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत वहन हे व्यवहाराचे अंगभूतच असते. तेथे सक्तीची तक्रार टिकणार नाही, आग्रह पूर्वसूचनेचाच धरावा लागेल.

शेवटी, हा आकार जातो कोणाकडे हेही पाहिले पाहिजे. बाजार समितीच्या पट्टीवरील 'हमाली' हा शब्द निदान श्रमिकाचे नाव घेतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने तर मालकाकडून मजुरी व त्यावरील वर्गणी मंडळामार्फत कामगारापर्यंत पोचविण्याची व्यवस्था केली. घरपोच आकाराला असा कोणताही धागा नाही. तो वाहकाच्या वेतनात मिळतो, की भांडाराच्या नफ्यात, हे पावतीवरून कळत नाही.

तात्पर्य, घरपोच आकार घेणे हे स्वतः गैर नाही. सेवा खरी आहे, तिला खर्च आहे, आणि तो घेणाऱ्याने द्यावा हे न्याय्यच आहे. परंतु आकार आरंभी जाहीर व्हावा, माल स्वतः नेण्याचा मार्ग जेथे शक्य तेथे खुला असावा, आणि तो पत्करणाऱ्यास वाचलेल्या खर्चाइतकी सूट मिळावी, या तीन कसोट्यांना तो उतरला पाहिजे. पहिल्या कसोटीपुरते आपले कायदे सज्ज आहेत. दुसरीला आधार आहे, पण तो ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहतो. तिसरीचा विचार गॅसच्या सिलिंडरपाशीच थांबला आहे. तो मोठ्या भांडारांच्या दारापर्यंत नेणे हे किरकोळ व्यापाराच्या अभ्यासकांपुढील काम आहे.