जडेजाऐवजी सॅमसन : चेन्नईतील वाद आणि खेळाडूंच्या अदलाबदलीचे नियम

चेन्नई सुपर किंग्ज संघाने १५ नोव्हेंबर २०२५ रोजी अष्टपैलू खेळाडू रवींद्र जडेजा याला राजस्थान रॉयल्स संघाकडे सोपवले आणि त्याच्या बदल्यात यष्टिरक्षक फलंदाज संजू सॅमसन याला आपल्याकडे घेतले. इंडियन प्रीमियर लीग अर्थात आयपीएलमध्ये खेळाडूंची अदलाबदल नवीन नाही. मात्र बारा हंगाम एकाच संघासाठी खेळलेला आणि शेवटच्या चेंडूवर विजेतेपद मिळवून दिलेला खेळाडू अशा रीतीने निघून जावा काय, या प्रश्नावर चेन्नईतील क्रिकेटप्रेमींमध्ये सरळसरळ दोन तट पडले. ही अदलाबदल कोणत्या नियमांनी होते, तिचा हिशेब कसा मांडला जातो आणि तिच्यात स्वतः खेळाडूला किती अधिकार असतो, हे समजून घेतल्यास या वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

मैलापूरपासून चौथे स्थानक

चेन्नईतील मैलापूर हा भाग कपालीश्वर मंदिरासाठी आणि मार्गळी महिन्यातील संगीत सभांसाठी देशभर ओळखला जातो. येथील क्रिकेटचे वेडही जुनेच आहे. तामिळनाडू क्रिकेट संघटनेच्या साखळी स्पर्धेत मैलापूर रिक्रिएशन क्लब या भागाचे नाव घेऊन खेळत आला आहे. तिरुमयिलै स्थानकातून उन्नत रेल्वेने निघाल्यास चेपॉक हे चौथे स्थानक लागते आणि एम. ए. चिदंबरम मैदान तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे संघाचा प्रत्येक निर्णय येथील रहिवाशांना आपल्या घरातील निर्णयासारखा वाटतो.

या आपुलकीची साक्ष खेळाडूंना मिळालेल्या तमिळ उपाधींतून मिळते. महेंद्रसिंग धोनी हा चाहत्यांचा ‘तला’, म्हणजे प्रमुख. सुरेश रैना ‘चिन्न तला’, म्हणजे धाकटा प्रमुख. एप्रिल २०२४ मध्ये जडेजालाही ‘क्रिकेट तळपती’, म्हणजे क्रिकेटचा सेनापती, ही उपाधी संघाने बहाल केली होती. जडेजा सौराष्ट्राचा आणि धोनी झारखंडचा असला तरी चेन्नईने त्यांना परके मानले नाही. म्हणूनच उपाधी दिल्यानंतर दोन वर्षांच्या आतच सेनापतीला दुसऱ्या संघात धाडणे अनेकांच्या पचनी पडले नाही.

व्यवहाराचा हिशेब

हा व्यवहार केवळ दोन खेळाडूंचा नव्हता. जडेजाबरोबर इंग्लंडचा अष्टपैलू सॅम करन हाही राजस्थानकडे गेला. चेन्नईत जडेजाचे मानधन १८ कोटी रुपये आणि करनचे २ कोटी ४० लाख रुपये होते. सॅमसनचे राजस्थानमधील मानधनही १८ कोटी रुपये होते आणि तो त्याच रकमेवर चेन्नईत आला. जडेजाचे मानधन मात्र १४ कोटी रुपये ठरवण्यात आले. म्हणजे नव्या संघात जाताना त्याने प्रतिहंगाम ४ कोटी रुपये कमी स्वीकारले.

या आकड्यांचे महत्त्व खेळाडूच्या खिशापुरते मर्यादित नाही. आयपीएलमधील प्रत्येक संघाला खेळाडूंच्या मानधनावर ठरावीक मर्यादेतच खर्च करता येतो. चेन्नईने २० कोटी ४० लाख रुपयांचे दोन खेळाडू देऊन १८ कोटींचा एक घेतला, त्यामुळे २ कोटी ४० लाख रुपये मोकळे झाले. राजस्थाननेही १८ कोटींचा एक खेळाडू देऊन १६ कोटी ४० लाखांत दोन मिळवले. जडेजाचे मूळ मानधन कायम राहिले असते, तर राजस्थानवर उलट २ कोटी ४० लाखांचा जादा भार पडला असता.

विरोध करणाऱ्यांची बाजू

अदलाबदलीला विरोध करणाऱ्यांचा पहिला मुद्दा कृतज्ञतेचा होता. २९ मे २०२३ रोजी अहमदाबादमध्ये सुरू झालेला अंतिम सामना पावसामुळे मध्यरात्रीनंतर संपला. गुजरात टायटन्सविरुद्ध शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावांची गरज असताना जडेजाने मोहित शर्माला एक षटकार आणि एक चौकार मारून चेन्नईला पाचवे विजेतेपद मिळवून दिले. त्याआधी २५ एप्रिल २०२१ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर हर्षल पटेलच्या एकाच षटकात ३७ धावा निघाल्या, त्यांपैकी ३६ जडेजाच्या बॅटमधून आल्या होत्या.

दुसरा मुद्दा संघाच्या बांधणीचा होता. डावखुरी फिरकी, मधल्या फळीतील डावखुरी फलंदाजी आणि सीमारेषेवर वा वर्तुळाच्या आत वाचवलेल्या धावा या तिन्ही गोष्टी एकाच खेळाडूकडून मिळत असत. २०२५ च्या हंगामातही जडेजाने तीनशेहून अधिक धावा केल्या होत्या. रविचंद्रन अश्विनने ऑगस्ट २०२५ मध्ये आयपीएलमधून निवृत्ती घेतल्यानंतर संघातील अनुभवी फिरकी आणखी पातळ होणार, ही भीती अनाठायी नव्हती.

समर्थन करणाऱ्यांची बाजू

समर्थकांनी भावनेपेक्षा वयाकडे बोट दाखवले. व्यवहाराच्या वेळी जडेजा ३७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता, तर सॅमसनने नुकतीच ३१ वर्षे पूर्ण केली होती. धोनी ४४ वर्षांचा झाला होता आणि त्याच्यानंतर यष्टींमागे कोण, हा प्रश्न चेन्नईने अनेक वर्षे पुढे ढकलला होता. सॅमसन यष्टिरक्षक आहे, वरच्या फळीत वेगाने धावा करतो आणि त्याच्या नेतृत्वाखाली राजस्थानने २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठली होती.

शिवाय २०२५ च्या हंगामात चेन्नईने १४ पैकी केवळ चार सामने जिंकले आणि इतिहासात प्रथमच गुणतक्त्यात तळाचे स्थान पाहिले. ज्या संघाला काहीच बदलायचे नाही, त्याने निकाल बदलण्याची अपेक्षाही ठेवू नये, असा या गटाचा युक्तिवाद होता.

महाराष्ट्रातील चाहत्यांचा प्रश्न

महाराष्ट्रातील क्रिकेटप्रेमींचे लक्ष या व्यवहारातील आणखी एका बाजूकडे होते. पुण्याचा ऋतुराज गायकवाड मार्च २०२४ पासून चेन्नईचा कर्णधार आहे. एका संघाचे अनेक वर्षे नेतृत्व केलेला खेळाडू येणार म्हटल्यावर गायकवाडच्या कर्णधारपदाचे काय होणार, अशी शंका उपस्थित झाली. संघाने अदलाबदलीच्या दिवशीच गायकवाड हाच कर्णधार राहील असे जाहीर करून ती दूर केली.

फलंदाजीच्या क्रमाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटला नाही. एप्रिल २०२५ मध्ये गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर पडल्यावर विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे त्याच्या जागी संघात आला आणि ३ मे रोजी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा करून त्याने सलामीच्या जागेवर हक्क सांगितला. गायकवाड, म्हात्रे आणि सॅमसन हे तिघेही सलामीला खेळू शकतात. जागा दोनच असतात.

नियम काय सांगतात

आयपीएलमध्ये हंगाम संपल्यानंतर सात दिवसांनी अदलाबदलीची मुदत सुरू होते आणि खेळाडूंच्या लिलावाच्या सात दिवस आधी ती थांबते. लिलाव झाल्यानंतर ती पुन्हा सुरू होऊन पुढील हंगामाच्या एक महिना आधी संपते. लिलावात नुकताच विकत घेतलेला खेळाडू त्या हंगामाआधी दुसऱ्या संघाला देता येत नाही.

व्यवहाराचे दोन प्रकार आहेत. एकात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू दिला जातो, दुसऱ्यात केवळ रोख रक्कम. पहिल्या प्रकाराची सुरुवात २००९ मध्ये झाली. त्या वर्षी श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबई इंडियन्सकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळुरूला गेला. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे परतलेला हार्दिक पंड्या. विकत घेणारा संघ सोडणाऱ्या संघाला जे हस्तांतरण शुल्क देतो, ते मानधनाच्या मर्यादेत धरले जात नाही.

हंगाम चालू असताना खेळाडू घेण्याचा मार्ग अरुंद आहे. म्हात्रेप्रमाणे जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. प्रत्येक संघाचे सात सामने झाल्यानंतर फारशी संधी न मिळालेले खेळाडू दुसऱ्या संघाला देण्याची तरतूदही काही हंगामांत करण्यात आली होती. २०२० मध्ये चेन्नईचा संघ गडगडत असताना तिची बरीच चर्चा झाली, परंतु तिचा उपयोग कोणीही केला नाही.

बेसबॉलमधील पद्धत

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये चित्र वेगळे आहे. तेथे हंगामाच्या उत्तरार्धात, साधारणपणे जुलैच्या अखेरीपर्यंत, संघ खेळाडूंची देवाणघेवाण करू शकतात. विजेतेपदाच्या जवळ असलेला संघ अनुभवी खेळाडू घेतो आणि स्पर्धेतून जवळजवळ बाद झालेला संघ त्या बदल्यात होतकरू तरुण मिळवतो. ३१ जुलै २०१५ रोजी न्यूयॉर्क मेट्स संघाने डेट्रॉईटकडून योएनिस सेस्पेडेस या आउटफिल्डरला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षकाला, मुदत संपण्यास काही मिनिटे उरली असताना घेतले. त्याने उरलेल्या ५७ सामन्यांत १७ होमरन फटकावले आणि मेट्स वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. त्या बदल्यात दिलेला तरुण मायकेल फुल्मर पुढच्याच वर्षी डेट्रॉईटकडून सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. आज मिळवण्यासाठी उद्याचे काय द्यायचे, हाच तेथील चाहत्यांच्या वादाचा विषय असतो.

याच खेळाने आणखी एक प्रश्न जगापुढे आणला. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा कर्ट फ्लड हाही आउटफिल्डर होता आणि तोही एकाच संघासाठी बारा हंगाम खेळला होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, अशी भूमिका घेऊन त्याने जाण्यास नकार दिला व न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. तोपर्यंत त्याची कारकीर्दही संपली होती. मात्र त्यानंतर झालेल्या करारात, दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क मिळाला.

सहीचे मोल

आयपीएलमध्ये या हक्कासाठी दहा वर्षे थांबावे लागत नाही. दोन्ही संघांचे एकमत झाले तरी खेळाडूची लेखी संमती असल्याशिवाय अदलाबदल पूर्ण होत नाही. चेन्नईनेही हा निर्णय जडेजा आणि करन यांच्याशी परस्पर सहमतीने झाल्याचे स्पष्ट केले होते. त्यामुळे जडेजाला ‘काढून टाकले’ असे म्हणणाऱ्यांनी आणि त्याला ‘विकले’ असे म्हणणाऱ्यांनी ही सही विचारात घ्यायला हवी.

या सहीला मर्यादा आहे, हेही जडेजाइतके कोणाला ठाऊक नसेल. २००८ मध्ये शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली पहिले विजेतेपद मिळवणाऱ्या राजस्थान संघातूनच त्याची आयपीएल कारकीर्द सुरू झाली. पुढे राजस्थानशी करार न करता इतर संघांशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून त्याला २०१० च्या संपूर्ण हंगामासाठी निलंबित करण्यात आले. म्हणजे ठरलेल्या व्यवहाराला खेळाडू नकार देऊ शकतो, पण आपल्या मनाने नवा संघ शोधायला निघू शकत नाही. ज्या संघातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात एक हंगाम गमावला, त्याच संघात पंधरा वर्षांनी तो स्वतःच्या सहीने परतला.

अनुभवाची किंमत

अशा व्यवहारांवर घाईने शिक्कामोर्तब करू नये, हे चेन्नईच्याच इतिहासातून दिसते. २०२० मध्ये संघ प्रथमच बाद फेरीत पोहोचला नाही. वय वाढलेल्या खेळाडूंचा संघ अशी टीका होत असतानाच जानेवारी २०२१ मध्ये त्याने राजस्थानकडून ३५ वर्षांच्या रॉबिन उथप्पाला रोख व्यवहारात घेतले. हा निर्णय अनेकांना अनाकलनीय वाटला आणि उथप्पा साखळीतील बहुतेक सामने बाहेरच बसला. मात्र बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध ४४ चेंडूंत ६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात १५ चेंडूंत ३१ धावांची भर घातली आणि चेन्नई विजेती ठरली.

जडेजाच्या वेळी चेन्नईने उलट वाट निवडली आणि अनुभव देऊन पुढील काही वर्षे घेतली. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीत झालेल्या लिलावात संघाने २० वर्षांचा डावखुरा फिरकी अष्टपैलू प्रशांत वीर आणि १९ वर्षांचा यष्टिरक्षक फलंदाज कार्तिक शर्मा यांच्यावर प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये खर्च केले. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या वीरची किंमत जडेजाच्या नव्या मानधनापेक्षा २० लाख रुपयांनी अधिक ठरली.

संघ बांधताना मानधन, वय आणि रिकाम्या जागा मोजाव्या लागतात. अहमदाबादमधील त्या दोन चेंडूंना या मोजणीत स्थान नसते. मैलापूरच्या चाहत्यांनी मात्र ते दोन चेंडू आपल्या हिशेबात धरले आणि त्यांची नाराजी त्यातूनच आली. ती चुकीची म्हणता येणार नाही. या व्यवहारात संघाने आपले भवितव्य निवडले, खेळाडूने कमी मानधन पत्करून आपली वाट निवडली. संमती विचारली गेली नाही ती केवळ चाहत्यांची.