मानेचा फैसला

४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन आला की पुरवण्या आकड्यांनी भरून जातात, आणि पुडीवरील भेसूर चित्राकडे पाहत पाहतच चुना मळणारा वाचक पान उलटतो. तेव्हा तंबाखूचे पुराण येथे पुन्हा लावीत नाही. भोकरदन तालुक्यातील हसनाबादेसारख्या गावी हा आजार ज्या घराचा उंबरा ओलांडतो, तेथली अडचण निराळीच असते. जिभेच्या कडेला न भरणारी जखम, बायोप्सीत कर्करोग. मग एक डॉक्टर म्हणतो, जखमेबरोबर मानेतल्या ग्रंथीही आत्ताच काढू. दुसरा म्हणतो, मानेत हाताला काही लागत नाही, उगीच चिरफाड कशाला, नजर ठेवू. रात्री ओट्यावर भावकीचे खलबत बसते आणि कौल बहुधा कमी कापणाऱ्याच्या बाजूने पडतो. ज्याची मान, त्याला विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

दोघांपैकी एक डॉक्टर लबाड असलाच पाहिजे, ही आपली ठाम समजूत. वस्तुतः याच प्रश्नावर जगभरचे नामांकित शल्यविशारद कित्येक दशके भांडत होते. हाताला न लागणाऱ्या ग्रंथीतही रोग दडलेला असू शकतो, असा एका पक्षाचा युक्तिवाद. पुष्कळांच्या ग्रंथी निर्दोष निघतात आणि खांद्याचे दुखणे मात्र मागे लागते, असा दुसऱ्याचा. अनुभव दोघांच्याही पदरी होता. पण अनुभव हा येथे कच्चा साक्षीदार, कारण ज्याचा रोग उलटतो तो पुष्कळदा भलत्याच दवाखान्याची पायरी चढतो.

या तंट्याचा निवाडा परळच्या टाटा रुग्णालयात झाला, याचा अभिमान मी लपवीत नाही. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून, आरंभीच्या अवस्थेतील मुखकर्करोगाच्या रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली: काहींच्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढायच्या, काहींच्या रोग मानेत उतरल्यावर. माणसाच्या जिवाची चिठ्ठी टाकणे कानाला निर्दय वाटते. तथापि खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसताना आपल्या मर्जीने छातीठोक सांगणे अधिक निर्दय, असे माझे मत. २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तीन वर्षांअखेर आधी ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५. शस्त्रक्रियेचे उपद्रव मात्र पहिल्या गटात अधिक: ६.६ टक्के, दुसऱ्यात ३.६.

इतके होऊनही डॉक्टरांत मतभेद उरतोच, आणि तो रास्त असू शकतो. कारण गाठ तीन मिलिमीटरहून उथळ असेल तर हा लाभ त्या अभ्यासातही स्पष्ट दिसला नव्हता. म्हणून “कापायचे की नाही?” एवढेच विचारून भागत नाही. “रोग किती खोल गेला असावा, आणि तुमचा सल्ला कशाच्या आधारावर?” असे विचारावे. दुसरे मत घेतल्याने पहिले डॉक्टर रागावतील, ही भीडही अनाठायी. मात्र त्यात महिने घालवू नयेत.

दुसऱ्या मतासाठी निघताना नुसती फाइल पुरत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ज्यात मांसाचा तो कण जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेतून मागून घ्यावा. नवा पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्याच्या अहवालावर विसंबत नाही, स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहतो. तो ठोकळा डबीत घालून पिशवीत तळाशी ठेवावा, एस.टी.च्या खिडकीतल्या उन्हात नव्हे.