पानाभोंवतालचीं शितें

वडील माणसाच्या पानाभोंवतीं शितें सांडलेलीं दिसलीं, कीं घरांतील मुलें हंसतात. पण तो नेहमींच निष्काळजीपणा नसतो. कित्येकांचा हात मांडीवर स्वस्थ असतो. आमटीची वाटी उचलतांच तो कांपूं लागतो. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेल्या कंपवातांत बहुधा याच्या उलट, विसांव्याच्या वेळींच कंप अधिक दिसतो. दोहोंची चिकित्सा निराळी. म्हणून डॉक्टरांकडून परीक्षा करवावी. तोंवर वाटी जड घ्यावी, अर्धीच भरावी, कोपर मेजावर टेकावें.

मीहि पंक्ति टाळूं लागलों होतों. एके दिवशीं नातीनें कांहीं न बोलतां माझी वाटी अर्धीच भरली, आणि मी पुन्हां सर्वांसमवेत जेवूं लागलों.