बॉनेटखालची जयणा

गेवराईत कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारांतून पांढरे तंतू दिवसभर उडत असतात. व्यापाऱ्याची मोटार त्याच आवारात उभी राहते. काही आठवड्यांनी बॉनेट उघडले, तर रेडिएटरच्या बारीक जाळीत कापसाचे पुंजके, त्यांवर काळ्या मातीची धूळ आणि खाली तेलकट थर असा लेप जमलेला आढळतो. तो केवळ डोळ्यांना खुपत नाही. रेडिएटरमधून हवा खेळेनाशी होते, इंजिन अधिक तापते. आणि तेलाने भिजलेला कापूस धूर वाहणाऱ्या तप्त नळीजवळ साचला, तर आगीचे भय उभे राहते.

यावरचा रूढ उपाय सर्वांना ठाऊक आहे. इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारायचे आणि दाबाच्या पाण्याने सारे धुऊन काढायचे. इंजिन तासाभरात चकाकते. परंतु रॉकेलने रबरी नळ्या व पट्टे फुगतात, दाबाचे पाणी विजेच्या जोडण्यांत शिरते, आणि तेल-मातीचा तो काळा काला गटारातून नाल्याला मिळतो. मिनिटाला दहा लिटर पाणी देणारी नळी पंधरा मिनिटे चालली, तरी दीडशे लिटर पाणी खर्ची पडते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हिशोब लहान नव्हे. 2013 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्यासाठी भारतीय जैन संघटना पुढे आली होती. बंगळुरूमध्ये 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी आली आणि 5000 रुपये दंड ठरला. श्रावकाला मात्र दंडाची वाट पाहण्याचे कारण नाही. जैन दर्शनात पाणी हीच अप्काय जीवांची काया. निष्कारण पाणी सांडणे आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात, मोजले आहे.

सुदैवाने, हे काम जवळजवळ कोरड्यानेच होते. आरंभ मात्र पडिलेहणाने व्हावा. वस्त्र वा पात्र हाती घेण्यापूर्वी साधू-साध्वी ते निरखतात, तसेच बॉनेट उघडून आधी पाहावे. हिवाळ्यात इंजिनाच्या उबेला मांजराची पिल्ले येऊन बसतात. कापसाच्या पुंजक्यांत उंदरीण घरटे करते. कोपऱ्यात पाली व गांधीलमाश्यांची पोळी असतात. रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा हलकेच थाप मारण्याची सवय त्यासाठीच चांगली.

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे, काम संपल्यावर शेवटी जोडावे. नव्या गाड्यांत त्याआधी पुस्तिका वाचलेली बरी. विद्युत अथवा हायब्रीड गाडीतील नारिंगी तारांना घरी हात लावू नये. मग मऊ कुंचल्याने सुटा कचरा वरून खाली झाडावा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. रेडिएटरमधील कापूस कमी दाबाच्या हवेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने काढावा. समोरून जोर लावल्यास तो अधिकच आत रुततो आणि जाळीची नाजूक पाती वाकतात. एअर फिल्टरही याच वेळी पाहावा. जिनिंगच्या परिसरात तो पुस्तिकेतील मुदतीआधीच भरतो, हे अनुभवी चालक सांगतात.

उरलेल्या तेलकट थरासाठी ओले करून घट्ट पिळलेले जुने सुती फडके पुरते. तेल हटत नसेल तेव्हा रिठ्याचे पाणी कामी येते: रिठे भिजवून, उकळून, गाळून घ्यावेत, हे पाणी टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी संपवावे. ते थेट इंजिनावर न ओतता फडक्याला लावावे. आणि येथे एक सावधगिरी. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य माशांना विषारी असते, तेव्हा हे पाणी तलावात वा ओढ्यात कदापि सोडू नये. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेचे तोंड प्लास्टिकने झाकावे. सगळे काम एका छोट्या बादलीत आटोपते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी साचते. एक कप पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दातघासणीने ती काढावी. सोडा आम्ल निष्प्रभ करतो. हातमोजे व चष्मा हवेत, आणि द्रावण बॅटरीच्या आत जाता कामा नये. नंतर टोके कोरडी करून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा.

उंदरांचा प्रश्न सर्वांत अवघड. ते तारा कुरतडतात, दुरुस्तीचे बिल मोठे येते आणि दुकानातील विषारी गोळ्या सहज हाती येतात. शास्त्रांनी श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, तसेच सरोवरे व तळी आटवणेही आहे. एकीकडे तलाव वाचवायचे आणि दुसरीकडे बॉनेटखाली विष ठेवायचे, हे जुळत नाही. धान्याची पोती, सरकी व पेंड गाडीपासून दूर ठेवावी, आतील कचरा काढून आश्रय नाहीसा करावा, मोकळ्या जागी बारीक धातूची जाळी बसवावी. तरीही आला, तर पिंजरा लावून जिवंत पकडता येतो. पिंजरा मात्र दिवसातून अनेकदा पाहिला पाहिजे, अन्यथा तो उपाशी मरतो.

पुसताना कुठे ताजे तेल ओघळताना दिसले, तर ती गळती आधी बुजवावी; तीच मळाचे मूळ असते. वापरलेले इंजिन तेल 2016 च्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते एका वेळच्या तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन पाणी दूषित करू शकते. म्हणून ते डब्यात साठवून, तेलकट फडकी वेगळ्या पिशवीत बांधून अशा गॅरेजला द्यावीत, जे त्यांची रवानगी अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे करते. गॅरेजवाल्याला स्पष्ट विचारावे. उत्तर टाळले गेले, तर पुढचा तेलबदल दुसरीकडे करावा.